फाटकाची बातमी

पोशीर,
२६ मार्च २०२५

प्रिय जितेशदादा,
आरोहीचा नमस्कार. आई बरी आहे, गुडघा आता जिना चढू देतो. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण रविवारपासून तुझा फोन बंद आहे.

दादा, बातमी पहिल्या पानावर आली. आत कुठे कोपऱ्यात नाही, वर, फोटोसकट. रविवारी सकाळी नेरळला साप्ताहिकाचा अंक घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या तीनदा वाचला. पेपरवाला म्हणाला, "ताई, घरी नेऊन वाचा की." मी त्याला माझं नाव दाखवलं. हसू थांबत नव्हतं.

बायकांसाठीचा तो ऑनलाइन पत्रकारितेचा वर्ग, ज्याला तू "मोबाइलवरची शाळा" म्हणायचास, तिथेच हे शिकले. आठ शनिवार. घरात रेंज नाही म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसायची. शिकवणाऱ्या सफिया मॅडम प्रत्येकीची बातमी ओळ न् ओळ वाचायच्या. वाडीच्या बंद वाटेवरच्या माझ्या पहिल्याच बातमीत "ग्रामस्थ संतप्त" होतं. त्यांनी विचारलं, "किती ग्रामस्थ? नावं काय? तू स्वतः गेली होतीस?"

मग मी गेले. कळंबच्या वरच्या वाडीत, सोनाबाईंकडे. त्या म्हणाल्या, "वाट हाय गं, पन वाटंवर कुलूप हाय. आमी जायाचं कुठून?" रिसॉर्टच्या फाटकापलीकडे विहीर दिसते आणि बाया हंडे घेऊन टेकडीला वळसा घालतात. मी त्यांच्याबरोबर चालले. पाऊण तास लागला. गावनकाशात ती वाट सार्वजनिक आहे, तेही तपासलं.

मॅडमनी विचारलं, "रिसॉर्टच्या मॅनेजरशी बोललीस?" दोन शनिवार मी काहीबाही सांगून टाळलं. तिसऱ्या शनिवारी सांगून टाकलं, की मॅनेजर माझा सख्खा भाऊ आहे. त्या म्हणाल्या, "त्याच्याशी दुसरी कोणी बोलेल. संपादकांना नातं कळव. आणि भावाला तू स्वतः सांग, आधी."

संपादकांना कळवलं. तुला नाही.

तुला फोन केला ती खोपोलीची इल्मा, माझ्याच वर्गातली. "माझं नाव काढू नकोस" असं मीच तिला विनवलं होतं. मला वाटलं, तू "माहीत नाही" म्हणून फोन ठेवशील. तू म्हणालास, "कुलूप मीच लावलं, मालकांनी सांगितलं म्हणून. वाट बायांचीच हाय. माझ्या नावानं छापा." इल्माने ते मला वाचून दाखवलं तेव्हा मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं.

बातमीच्या शेवटी छापलंय, 'एक वार्ताहर ही व्यवस्थापकांची बहीण आहे.' ही बातमी माझी आहे, हे तुला तिथे कळलं. माझ्या तोंडून कळायला हवं होतं. मी घाबरले, दादा. चुकले.

काल तहसीलची माणसं येऊन फाटक उघडून गेली. सोनाबाई सरळ वाटेने पाणी घेऊन आल्या. मी तिथेच होते, आनंदाने उड्या मारायच्या बाकी होत्या. मग त्याच म्हणाल्या, तुला कामावरून काढलंय.

त्या बातमीतलं सगळ्यात धाडसाचं वाक्य तुझं आहे. मॅडमही तेच म्हणाल्या. मला बोल, हवं तेवढं बोल, पण घरी येऊन, समोर बसून बोल.

तुझ्यापासून लपवण्यासारखं आता काहीच न उरलेली,
आरोही