हजेरी क्रमांक बारा

६ जानेवारी, नांदेड

शाळांच्या अभ्यास-प्रकल्पाचं तीन तास प्रशिक्षण. विषय – मुलांचा आवाज कसा ऐकायचा. हॉलमध्ये चाळीस मोठी माणसं, मूल एकही नाही. पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, मूल हा संशोधनाचा विषय नाही, ते आपलं सहभागी आहे. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. शेजारचा एकजण उतरवता उतरवता झोपला.

माझंही कौतुक झालं. मुलांची ओळख गुप्त कशी ठेवायची, असं विचारलं तर मी हात वर केला – तालुक्याचं अक्षर, इयत्ता, हजेरी क्रमांक! यादी शाळेतून तयारच मिळते, वेगळी बनवायला नको. टाळ्या पडल्या. आमचे समन्वयक आनंदराज सर म्हणाले, "बुशरा, तू पुढे जाशील." अकरा महिन्यांचं कंत्राट आहे, वाढवायचं की नाही ते मार्चच्या आधी ठरणार. पुढे जायलाच पाहिजे.

७ जानेवारी

हिमायतनगरला अब्बांना फोन करून काम समजावून सांगितलं. "बच्चों की बातां लिखने का पगार मिलता?" मिळतो म्हणलं. लई वेळ हसले.

१५ जानेवारी, जळकोट

जवळच्याच एका गावातली शाळा. सातवीचा वर्ग, चौदा लेकरं. मुख्याध्यापक भागवत सर खुर्ची घेऊन मधोमध बसले आणि म्हणाले, "बिनधास्त बोला रे. मी हाय की इथं." पोरं इतकी बिनधास्त झाली की अर्धा तास कुणी तोंडच उघडलं नाही. शेवटी चहाचं निमित्त काढून सरांना ऑफिसात बसवून आले.

मग आरती बोलली. बारा वर्षांची, किडकिडीत, नजर सरळ. दुपारच्या सुट्टीनंतर सातवीच्या पोरी मोठ्या सरांच्या, म्हणजे भागवत सरांच्याच घरी जातात, तूर निवडायला. पोरं क्रिकेट खेळतात. "तूर संपली की हरभरा," म्हणाली. मी भराभर लिहून घेतलं. असं वाक्य हाती लागलं की आमच्या लोकांना लॉटरी लागल्यासारखं होतं.

बोलून झाल्यावर तिनं आमचा संमतीचा फॉर्म मागून घेतला आणि वाचला. आजवर कुणीच वाचला नव्हता. ज-७-१२ वर बोट ठेवलं. "मॅडम, ह्यो तर माझा हजेरी नंबर हाय." मी म्हणलं, तो कोड आहे, कुणाला कळत नाही. "सर रोज हजेरी घेतेत की."

मी हसले. लिहायला लाज वाटते, पण हसले.

मग म्हणाली, "कधीबी माघार घेता येती म्हणून तुमीच वाचून दाखवलं ना? मग तुरीचं तेवढं काढून टाका. गावात सातवीपर्यंतच हाय. मला आठवीला लातूरच्या होस्टेलला जायचंय, आन फॉर्मवर मोठ्या सरांची सही लागती." काढते म्हणलं.

१८ जानेवारी

आनंदराज सरांना सांगितलं. "वेडी आहेस का? दोन जिल्ह्यांत एवढं जिवंत वाक्य नाही. मॅडम जाम खूश आहेत." पण तिनं माघार घेतलीय, म्हणलं. "तोंडी घेतली. लेखी कुठंय?" बरोबर आहे. बारा वर्षांच्या पोरीनं रीतसर अर्ज करायला पाहिजे होता, तीन प्रतींत.

निदान कोड तरी बदला, एवढं म्हणता आलं असतं मला. म्हणले नाही. स्वतःचीच आयडिया, वर टाळ्या मिळालेली, आणि कंत्राट डोळ्यापुढे.

१७ फेब्रुवारी, लातूर

सादरीकरण. हॉलभर पोस्टर. मधोमध आरतीचं वाक्य, गुलाबी रंगात, बाजूला फुलपाखरू. खाली ज-७-१२, हे ठळक. निमंत्रित मुख्याध्यापकांत भागवत सर होतेच. सहकार्याबद्दल त्यांना शाल दिली. ती पांघरूनच ते पोस्टरपुढे थांबले. वाचलं. पुन्हा वाचलं. मोबाइलवर फोटो काढला आणि शिऱ्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

मला शिरा गेला नाही.

२० फेब्रुवारी

आरतीच्या आईचा, साखराबाईंचा फोन. "सर म्हणले, होस्टेलचा फॉर्म पुढच्या वर्साला बघू. पुढच्या वर्साला कशाचा फॉर्म, मॅडम? तवर तिचा बाप घरी बसीवतो तिला." शेवटची तारीख अठ्ठावीस.

आनंदराज सरांच्या कानावर घातलं. वाईट झालं म्हणाले. अहवालात 'अभ्यासाच्या मर्यादा' असं एक प्रकरण असतं, त्यात टाकू म्हणाले. म्हणजे आरतीची सोय झाली.

२२ फेब्रुवारी

गावात जाऊन आले. माफी मागायला. एसटीत चांगलं भाषण जुळवलं होतं, आरतीनं ते मधेच तोडलं. "ते राहू द्या. लिवून देता का?" काय लिहून देऊ? "का ही पोरगी न्हाई म्हणली होती, तरी आमी छापलं. खाली तुमचं नाव. पंचायत समितीत दावते."

तसं लिहून दिलं तर माझी नोकरी जाते. विचार करते म्हणलं. "किती दिवस?" मी घड्याळ बघितलं, एसटीची वेळ झाली म्हणलं. माझीच मला किळस आली.

२४ फेब्रुवारी

पत्र लिहायला बसले. "काही तांत्रिक कारणांमुळे" – फाडलं. "अनवधानाने" – तेही फाडलं. तिसऱ्या वेळी खरं लिहिलं. चार ओळींत मावलं.

२५ फेब्रुवारी

पत्र पर्समध्ये.

२६ फेब्रुवारी

पत्र पर्समध्येच. आनंदराज सरांचा मेसेज – कंत्राट वाढतंय, अभिनंदन. मी हात जोडलेलं चित्र पाठवलं.

२७ फेब्रुवारी, जळकोट

पत्र घेऊन पंचायत समितीत गेले. शिक्षण विस्तार अधिकारी तारामतीबाई म्हणाल्या, उशीर केला तुम्ही. आरतीच्या होस्टेलच्या फॉर्मवर मुख्याध्यापकांच्या जागी परवाच त्यांनी स्वतः सही केली. सातवीच्या सात पोरी टमटम करून आल्या होत्या, लेखी तक्रार घेऊन. मला वाचायला दिली. खाली सातही जणींची पूर्ण नावं, आडनावासकट.

तक्रार दोघांविरुद्ध आहे. भागवत सर दुसरे. पहिली मी.