सागावरचा काळा डाग

बंगळूर, रविवार

प्रिय ममताताई,

जयभीम. हे पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकून राह्यलो, घरच्या नाही. पोरांच्या खिचडीचं गंज-पातेलं उतरवून हात पुसले की तिथंच बसून वाच अन् वाचून झालं की चुलीत टाक. घरी नेऊ नको. बाबाले चष्मा लावून दिसेल तो कागद वाचायची सवय आहे, किराण्याची पुडीसुद्धा तो सरळ करून वाचते. फोन काहून नाही केला म्हणशील. फोनवर तू खोटं बोलतेस अन् तुझा आवाज ऐकला की मले ते खरं वाटते. कागदावर मी एकटाच असतो, डोकं जागेवर राहते. आठवी नापासाचं अक्षर आहे, हसू नको.

बुधवारी तुझा मेसेज आला. लाकडाच्या जमिनीवरचा काळा डाग कायनं निघते, संडासचं ॲसिड अन् ब्लीचिंग पावडर टाकू काय. खाली एक फोटो. ताई, अकरा महिने झाले, मी इथं लोकांच्या घरच्या लाकडाच्या जमिनी धुतो. धुतो म्हटलं की सुपरवायझर चिडते, पुसतो म्हणायचं. या अकरा महिन्यांत तू माझ्या कामाबद्दल एक शब्द विचारला नाही. जेवला काय अन् थंडी हाय काय, याच्या पुढं तुझी गाडी गेली नाही. मंग एकदम डाग कुठून आला? मी तेव्हा एका साहेबाच्या हॉलमध्ये गुडघ्यावर बसलो होतो, हातातला कपडा तसाच राह्यला.

खरं सांगतो, पहिले माझ्या मनात वाईटच आलं. इकडं जुन्या सागाच्या फळ्यांवर लोक जीव टाकतात. पाडलेल्या बंगल्यांच्या फळ्या शोधून आणतात अन् नव्या फ्लॅटमध्ये बसवतात. मले वाटलं, वणीचा कोणी व्यापारी मुकुटबनपर्यंत पोचला, बाबाच्या खोलीतल्या सागाच्या फळ्या पाहून गेला अन् तू अन् भाऊजी मिळून त्या चकचकीत करून राह्यले. विकायच्या आधीच माणूस डाग काढते. माझं डोकं असं फिरलं की मी प्रफुल्लले फोन लावला. त्याची पानटपरी आपल्या घरासमोर, त्याले आपल्या दारातलं सगळं दिसते. मी फक्त "काय रे" म्हटलं, तर तो लगेच म्हणे, "सगळं झकास हाय बे, काही टेन्शन नाही, काका बी झकास." बाबाचं नाव मी घेतलंच नव्हतं. अन् ज्याले साधं नमस्कार म्हणायले अर्धा तास लागते, त्यानं दोन मिनिटांत फोन ठेवून दिला, म्हणे गिऱ्हाईक आलं. तेव्हापासून फळ्या विकायचा संशय गेला अन् दुसरा बसला. तो पहिल्याहून जड आहे.

तुले आठवते काय, त्या फळ्या कशा आल्या? जंगलखात्याचा जुना बंगला पाडला, बाबानं लिलावात फळ्या घेतल्या अन् बैलबंडीत घालून आणल्या. आरा-मशीनवर जन्मभर लोकांचा साग कापला, आता आपल्या घरात एक खोली सागाची, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. सगळी वस्ती पाहायले आली. लालीबाई दारात उभी राहून म्हणे, "कांता, तुह्या नवऱ्यानं सरण आधीच रचून ठेवलं काय वं?"  दुसऱ्या दिवशी बाबा कामाले गेला अन् मायनं घमेल्यात शेण कालवून त्या सगळ्या फळ्या सारवून टाकल्या, भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत, बोटांची नक्षी काढून. बाबा संध्याकाळी आला अन् चप्पल हातात धरून दारातच थांबला. "कांते, हे लाकूड हाय वं, माती नोहे." तर माय म्हणे, "मंग जमिनीले काय उघडी ठेवू?" त्यानं तीन दिवस बाभळीच्या काट्यानं फटींतलं शेण कोरलं. रागावला नाही. वरून मायले म्हणे, सारवलं मात्र झक्कास होतं. माय गेल्यावर तिचं अंथरूण जिथं असायचं, तिथंच तो सतरंजी टाकून झोपू लागला. बाजेवर कधी नाही. बाजेवर पाहुणा झोपते अन् दुखणाईत झोपते, असं म्हणायचा.

आता तू पाठवलेला फोटो घे. तू डाग तेवढाच काढला, जवळून. पण डाव्या कोपऱ्यात लोखंडी पाय आला आहे, निळ्या रंगाचा, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला. तो आपल्या बाजेचा पाय आहे, माळ्यावर उलटी ठेवलेली असते ती. ती खाली काहून आली? पाहुणा कोणता आला? मी तो फोटो बोटांनी मोठा करून इतक्या वेळा पाह्यला की रूममधला एक जण म्हणे, पोरीचा फोटो आहे काय. आमच्या कामात पहिले डाग वाचायले शिकवतात. पांढरा डाग पडला तर समजायचं पाणी नाहीतर गरम भांडं, तो वरच्यावर असते, सुक्या कपड्यानं धीरानं घासलं तर बरेचदा जाते. काळा डाग आत गेलेला असते. लोखंडाच्या पायाखाली पाणी साचलं तरी साग काळा पडते, पण तो पायाभोवती गोल पडते. तुझा डाग पायापासून हातभर दूर आहे, लांबट, फळीच्या रेषेनं गेलेला, मधात काळा अन् कडेले पिवळसर. एका दिवसाचा नाही. रोज थोडं थोडं पडून तसा होते.

मागच्या महिन्यात असाच डाग मी इथं पाह्यला. मोठं घर, बाई म्हणाली कुत्र्यानं केलं. मी म्हटलं, होय मॅडम. पण त्या घरात कुत्र्याचं ताट नव्हतं, पट्टा नव्हता, सोफ्यावर एक केस नव्हता. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं अन् आतून कोणीतरी म्हातारं माणूस सारखं एकच अक्षर म्हणत होतं. बाईनं टीव्हीचा आवाज वाढवला. मी खाली मान घालून घासत राह्यलो. त्या बाईचा मले राग नाही आला, ताई. तिले लाज वाटत होती, स्वतःसाठी नाही, त्या माणसासाठी. तुझा मेसेज वाचला अन् मले त्या बाईचा चेहरा आठवला.

मंग मी मागचं सगळं जुळवायले बसलो. सात हप्ते झाले, बाबाचा आवाज मी धड ऐकला नाही. तू म्हणते विहारात गेला, तू म्हणते झोपला, तू म्हणते राळेगावले काकाकडं गेला. राळेगावले गेला त्या दिवशी तू व्हिडिओ कॉल केला, तेव्हा तुझ्या मागं भिंतीतल्या फळीवर त्याचा चष्मा होता. चष्म्याशिवाय तो गल्लीच्या टोकाले जात नाही, राळेगावले कसा गेला? तुझं सासर चार घरं सोडून, पण तुझे सगळे कॉल आता आपल्या घरून येतात, सकाळचे अन् रात्रीचेही. अन् मधात एकदा त्याचा एक व्हॉइस मेसेज आलता. तोंडात घास धरल्यावानी बोलत होता. मी विचारलं तर तू म्हणाली दाढ काढली. ताई, दाढ काढली की माणूस दोन दिवसांत बोलते. मी तो मेसेज काल पुन्हा ऐकला. त्यात तो "अशू" म्हणते ना, त्यातला "श" नाही आहे.

ॲसिडचं म्हणशील तर मी बुधवारीच व्हॉइस मेसेज टाकला होता, तू नुसता अंगठा पाठवला. अंगठ्यावर माझा भरवसा नाही, म्हणून पुन्हा लिहून राह्यलो, नीट वाच. ॲसिड अन् ब्लीचिंग कधीच एकत्र करू नको. त्यातून जो धूर निघते तो छाती धरते, आमच्यातल्या एका पोराले दवाखान्यात नेलं होतं. लघवीच्या जागेवर नुसतं ब्लीचिंग टाकलं तरी डोळे झोंबतात अन् खोकला सुटते. मले अन् तुले काय, वास आला की आपण पळून बाहेर जाऊ. पण त्या खोलीत जर असं कोणी झोपत असेल ज्याले स्वतःहून उठता येत नाही, अन् ओरडताही येत नाही, तर त्यानं काय करावं? मी कोणाचं नाव घेत नाही. फक्त आमचा नियम सांगतो. जमिनीले हात लावायच्या आधी खिडकी उघडायची अन् खोलीतलं माणूस बाहेर न्यायचं. बाजेसकट न्यावं लागलं तरी न्यायचं. प्रफुल्लले बोलाव, त्याले तसंही सगळं माहीत आहे.

पाण्याची बादली ओतू नको, चौदा एप्रिलले सगळं घर धुतो तसं तर बिलकूल नको, फळ्या फुगून कडा वर येतात. फिनाईल नको, सोडा नको, तारेची घासणी नको. आधी मऊ फड्यानं झाडून कचरा काढ. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाक, कपडा असा पिळ की एक थेंब खाली पडू नये, अन् लाकडाच्या रेषेनं पुस, आडवं नाही. पुसलेलं लगेच सुक्यानं टिप अन् पंखा लाव. रोज ओलं होत असेल तर बाजेवर गादीखाली मेणकापड टाक अन् खाली पडलं की त्याच घडीले टिप. बाबा दरसाल जवसाचं तेल लावायचा ते तू एवढ्यात लावू नको, अन् लावलंच तर तेलाच्या कपड्याचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नको. ते आपोआप तापतात, पेटतात. दोरीवर पसरून वाळव. बाबा ते बोळे बादलीत पाणी घालून बुडवायचा, मले वाटायचं म्हातारा उगाच वेड्यावानी करते. इथं ट्रेनिंगमध्ये तेच शिकवलं, तर मी हसलो. मले विचारलं काहून हसतो. काय सांगू?

आता तू लपवलं काहून, तेही मी ओळखलं, अन् त्याचा राग तुझ्यावर नाही. तुले बाबानंच सांगितलं असेल. मी वीटभट्टीवरून पळालो, सुरतवरून पळालो, हैदराबादच्या हॉटेलातून तर पगारही न घेता पळालो. दर वेळी पहाटेच्या एसटीनं येऊन दारात बॅग टाकायचो अन् तो आतूनच विचारायचा, "पळाला काय?" शेवटच्या वेळी म्हणाला होता, तू सांडलेलं पाणी हायेस, जिथं जातं तिथं लाकूड नासवतं. मी म्हटलं होतं, एक वर्ष एका जागी टिकलो तरच तोंड दाखवीन. पुढच्या महिन्यात वर्ष होते. म्हणून त्यानं तुले शपथ घातली असेल, पोरगा आता कुठं बसला, त्याले उठवू नको. अन् मले तर वाटते, डाग काढायलेही त्यानंच सांगितलं. वर्ष झालं की अशू येईल, त्याच्या नजरेले पडू नये. ज्या पोराचं पोट डाग ओळखण्यावर चालते, त्याच्यापासून लपवायले त्यालेच विचारायले लावलं. चुकलं ते एवढंच.

हे सगळं फोनवर बोललो असतो तर तू रडली असती, बाबानं फोन मागितला असता अन् जे काही शब्द त्याच्याजवळ उरले असतील त्यांत तो "येऊ नको" म्हणाला असता. ते मले ऐकवलं नसतं अन् मोडवलंही नसतं. कागदाले कोणी नाही म्हणू शकत नाही, म्हणून पत्र लिहिलं. पुढच्या शनिवारी गाडीत बसतो, बल्लारशाले उतरून सोमवारी दुपारपर्यंत मुकुटबनले येतो. सुपरवायझरले खरं कारण सांगून पंधरा दिवसांची सुट्टी लिहून घेतली आहे, अन् परतीचं तिकीट खिशात आहे. ते आधी बाबाले दाखव म्हणून त्याचा फोटो पाठवीन. त्याची दाढी करून ठेव, चष्मा लाव, पण बाज माळ्यावर लपवू नको. अन् तो डाग काढू नको, ताई, तसाच राहू दे. लोकांच्या घरचे मी लय काढले. हा मी त्याच्या बाजेजवळ बसून, त्याच्याशी बोलत बोलत, हळूहळू काढीन. त्यानं "पळाला काय" विचारलं तर विचारू दे. तेवढं तरी त्याले बोलता यावं.

तुझाच, पहिल्यांदाच सांगून येणारा,
अशू