घोडीपडीतली दहा पावलं

जेजू, ६ एप्रिल २०१७

ती. स्व. दादास,
मालसुनचा शि. सा. न. वि. वि.

घोडीपडी यंदा पिवळ्या फुलांनी भरलीय. कागदावर त्या शेताला नुसता नंबर. आजोबांची घोडी तिथे पडली म्हणून आईने ठेवलेलं नाव आता आपल्या दोघांच्याच तोंडी उरलंय. सोलहून जोडपी लग्नाचे फोटो काढायला येतात. त्यांच्यासाठी फुलांत लाकडी ओटा घातलाय, शेजारी चहाची टपरी. हे गेल्यावर नुसत्या संत्र्यांवर भागत नव्हतं, आता भागतं. फोटोंना खतही लागत नाही!

सोबतच्या फोटोतली नवरी आईच्या थडग्याच्या दगडी कुंपणाला टेकलीय. आईला माणसं आवडायचीच. तेवढीच सोबत.

वहिनींना नमस्कार. ओसाकाची थंडी अंगावर काढू नकोस. लोभ असू दे.

तुझी,
मालसुन

ओसाका, १९ एप्रिल

चि. मालसुन हिस,
अ. आ. वि. वि.

फोटो मिळाला. तुझ्या वहिनीने कौतुक केलं, मी तो उलटा करून ठेवला. हातात आइस्क्रीम, आणि टेकलीय कुठे तर आईच्या कुंपणाला! थडगं म्हणजे काय जत्रा आहे? शेतात शेतीच करावी असा कायदा तिकडेही असेलच. बघ बाई. थडग्यावरचं गवत कापायला यंदा नक्की येईन. तू दरवर्षी टोमणा मारतेस, तो यंदा वाचेल.

प्रकृतीला जप. लोभ आहेच.

तुझा दादा,
तेसक

जेजू, ३० मे

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कुणीतरी तक्रार केली. कचेरीतली माणसं मोजणीची दुर्बीण घेऊन आली. ओटा शेतजमिनीवर, म्हणून काढायला लावला. काढला. पण मोजता मोजता दुसरंच निघालं. थडग्यासाठी बाबांनी नोंदवून घेतलेला तुकडा आईच्या दहा पावलं पूर्वेला आहे. बाबांनी पावलं मोजली ती चुकीच्या दगडापासून. त्या तुकड्यावर माझी टपरी उभी आहे, म्हणून शेतजमिनीचा नियम टपरीला लागत नाही. आई मात्र कागदावर शेतात. तिला हलवा म्हणतात.

साहेब वाईट नव्हता. दोनदा माफी मागितली. मी त्याला चहा दिला, त्याने कप विसळून ठेवला. मला रडू आलं नाही, रागही नाही. दुपारी भात लावला आणि पाणी घालायला विसरले, एवढंच.

आईला टपरीच्या जागी आणायचं, नाहीतर दहन करून अस्थी सरकारी इमारतीतल्या कप्प्यात ठेवायच्या. थोरला तू आहेस. कळव. लोभ असावा.

मालसुन

ओसाका, ८ जून

चि. मालसुन,
अ. आ.

दोन पत्रं लिहून फाडली. तक्रार माझी. नाव घातलं नव्हतं. वाटलं, ओटा जाईल, गर्दी हटेल, आईला शांतता मिळेल. करायला गेलो एक, झालं भलतंच. तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही. आईला कप्प्यात ठेवू नकोस. टपरीचं मात्र मी कोणत्या तोंडाने सांगू? तू म्हणशील तसं.

लोभ ठेव म्हणायचीही लाज वाटते.

तेसक

जेजू, १७ जून

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कारकुनाने तक्रारीचा कागद पुढे करून विचारलं, की बाई, ही घोडीपडी कुठे आली? ते नाव जगात दोघांनाच ठाऊक, आणि त्यातली एक मी तिथेच उभी. नंबर तेवढा सांगितला.

टपरी काल उतरवली. छपराचे पत्रे शेजारच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दिले. फोटोवाल्यांना नाही म्हणून कळवलं. घोडीपडीत आता बाजरी पेरीन. घर कसं भागेल ते माहीत नाही, आणि त्याची काळजीही वाटत नाही. ती वाटायला हवी होती.

२४ पासून इथल्या पंचांगातला अधिक महिना लागतोय, त्यात थडगं हलवलं तर आपल्यात दोष मानत नाहीत. हाडं थोरल्यानेच उचलायची असतात, तेव्हा ये. पांढरे हातमोजे तिकडूनच आण, इथले पातळ असतात. दहा पावलंच जायचंय. पण या वेळी पावलं तू मोजू नकोस, मी मोजीन.

वहिनींना काही सांगू नकोस. लोभ आहे तेवढाच राहू दे दादा. तो वाढला की तू कचेरीला पत्रं लिहितोस.

तुझी,
मालसुन