गाळलेले मधले दिवस

प्रिय ठमे,

पाकीट बघून आधी तू हसशील, फोन असताना दादाला ही काय अवदसा आठवली म्हणून. पण फोनवर तू असू दे रे म्हणून मला सोडून देतेस. यावेळी सोडू नयेस, म्हणून लिहितोय.

ऑफिसात माझी चांगलीच फजिती झाली. पाण्याच्या मोठ्या पंपाचा दांडा किती फिरला, ते मोजायचं काम माझ्याकडे आहे. सेन्सर फक्त कोन सांगतो. फेरा पुरा झाला की आकडा पुन्हा शून्यावर. हे तुकडे जोडून सलग रेघ करायची तयार सोय प्रोग्राममध्ये असते. दोन मोजण्यांमध्ये अर्ध्या फेऱ्याहून मोठी उडी दिसली, की ती अख्खा फेरा मिळवते किंवा वजा करते. दांडा जवळच्याच वाटेने गेला असणार, असं ती धरून चालते. आकड्यांचा ढीग फार झाला म्हणून मी शहाणपणा करून मधल्या मोजण्या गाळल्या. मग दोन मोजण्यांच्या मध्ये दांडा जवळजवळ पूर्ण फिरून यायचा आणि आलेख म्हणायचा, जरासा मागे सरकला. पंप उलटा फिरतोय असं मी भर मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं, वर सेन्सर उलटा बसवला म्हणून फिटरवर खापर फोडलं. बिचाऱ्याने सेन्सर दोनदा खोलून बसवला. पंप सुलटाच फिरत होता! चूक कळल्यावर त्याची माफी मागितली, तर त्याने चहावर मिटवलं.

तुझ्याशी चहावर मिटणार नाही. मी वर्षातून दोनदा घरी येतो. आई दारात हसते, जेवलास का विचारते, आणि मी ठरवून टाकतो की ती आहे तशीच आहे, फार तर जरा थकलीय. मधले सगळे दिवस तुझे. गॅस चालू राहिला, बाबा जाऊन इतकी वर्षं झाली तरी ती फाटकात त्यांची वाट बघत उभी राहिली, हे तू सांगितलंस तेव्हा काकांसमोर मी म्हणालो, तू राईचा पर्वत करतेस. तू कपबशा उचलून आत गेलीस. मला तेव्हा आपण जिंकल्यासारखं वाटलं होतं. लिहितानाही लाज वाटते.

रविवारी तू फोन आईकडे नेलास, पण तो हाताने झाकायला विसरलीस. थोरला आहे, आपला दादा, जेवलास का विचार, असं तू तिला हळूच पढवत होतीस. मग आईने विचारलं, जेवलास का. मी हो म्हणालो. ज्या प्रश्नाच्या जोरावर मी तुला खोटं पाडत आलो, तो तूच तिच्या तोंडी घालत होतीस, माझ्या जिवाला लागू नये म्हणून. ठमे, मी महिनाभराची रजा टाकलीय, शनिवारी पोचतो. आईला सोडून कशी जाऊ म्हणून नोकरीतलं जे बाहेरगावचं प्रशिक्षण तू नाकारलंस, त्याला आता जा. तुझ्याकडे एकच मागणं आहे, मी येण्याआधी तिला काही शिकवून ठेवू नकोस. दार तिलाच उघडू दे, आणि कोण पाहिजे असं तिने विचारलं, तर विचारू दे.

तुझाच ओशाळलेला,
दादा