टेपचं दुसरं टोक

३ नोव्हेंबर
सातवीत सिस्टरनी आम्हाला शाळेच्या मैदानाचा सर्वे करायला लावला होता. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं प्रेमिलाच्या. ती मधेच टोक टाकून बोरं वेचायला पळायची आणि मी टेप धरून एकटीच उभी. किती हसायचो!

हुडकेश्वरच्या या नव्या घरात आज पडद्यांसाठी खिडकी मोजताना ते आठवलं. दुसरं टोक मी खिळ्याला अडकवलं. घर छान आहे. शेजारच्या कौशल्याबाईंनी काटोलची संत्री आणून दिली. मागच्या अंगणात बोरीचं झाडही आहे. मुलगा, उन्मेष, मिहानला नोकरीला आहे, तिथून रविवारी येतो म्हणाला.

५ नोव्हेंबर
आरोग्याचा सर्वे करणारी उन्नती नावाची मुलगी आली. घरात किती जण, तिनं विचारलं. कुंपणापलीकडे कौशल्याबाई कपडे वाळत घालत होत्या. मुलगा याच शहरात आणि मी एकटी, हे त्यांच्यासमोर तोंडातून निघेना. दोन, म्हणाले. दुसऱ्या कोण? प्रेमिला, माझी मैत्रीण.

प्रेमिला केव्हाच गेली. उन्नतीनं दाराच्या चौकटीवर खडूनं २ लिहिलं. आत येऊन तोंड धुतलं, तरी कानशिलं गरमच. माझी लाज झाकायला मी मेलेल्या मैत्रिणीला पुढे केलं.

९ नोव्हेंबर
रविवार. उन्मेष आला नाही. कौशल्याबाई कुंपणाशी आल्या. "काहून वं बाई, तुमची मैत्रीण कोणाशी बोलत नाही का? बोरीखाली बोरं वेचून राहिली होती. मी हाक मारली तर नुसती हसली!"

अशी कोणी नाहीच, हे सांगायचं तर आधीचं खोटं उघडं पडणार. ती लाजाळू आहे, म्हणाले. आणखी एक खोटं.

१२ नोव्हेंबर
उन्मेषचा फोन. मैत्रिणीचं त्याला कौशल्याबाईंकडून कळलं. बरं झालं आई, म्हणाला, आता तुझी काळजी नाही. खरं सांगायच्या ऐवजी विचारलं, जेवलास का.

१५ नोव्हेंबर
प्लॉटच्या सर्वेला मोजणीवाला आला. टेपचं एक टोक मी धरलं, तो मधे उभा राहून आकडा वाचत होता. दुसरं टोक घराच्या कोपऱ्याआड. काम झाल्यावर म्हणाला, त्या मावशींनी छान ताणून धरली हो, नाहीतर झोळ येतो. मागे जाऊन पाहिलं. कोणी नाही. बोरांच्या बिया होत्या, ओल्या.

१८ नोव्हेंबर
गॅसवाल्यांचा फोनवर सर्वे. सेवेबद्दल समाधानी आहात का. मी बोलायच्या आत ती मुलगी म्हणाली, अहो, सकाळीच उत्तरं मिळाली, प्रेमिलाताईंकडून. घरात आणखी कोणी आहे का विचारलं, तर त्या नाही म्हणाल्या —

२० नोव्हेंबर
कौशल्याबाई संत्री घेऊन आल्या. मी हात पुढे केला. पिशवी माझ्या खांद्यावरून मागे दिली. "घ्या, प्रेमिलाबाई." माझ्याकडे पाहिलंही नाही.

२१ नोव्हेंबर
उन्नती आली, पडताळणीला. या वेळी खरं सांगायचं ठरवलं होतं, कौशल्याबाईंनी ऐकलं तरी चालेल. म्हणाले, मी एकटीच राहते. मोठ्यानं म्हणाले. तिनं माझ्यामागे पाहून विचारलं, मावशी, एकट्याच का? मागून हुंकार आला —

२ पुसून १ लिहिलं.

तो १ मी नाही.

२२
उन्मेष, हिरवी शाल कौशल्याबाईंना दे. त्यांचा काही दोष नाही. कंपासपेटी वेदिकाला, आजीची आठवण म्हणून. तुझ्या बाबांचं घड्याळ तुला. टेप कोणालाच नको, जाळून टाक.

फोन उचलेल तिला आई म्हणू नकोस.

मैत्रीण सोबत होती ते खोटं रे. एकटी होते. तेवढं तुला सांगायची लाज — टेबलाखालून टेप सरकतेय — या वेळी ती टोक सोडत ना—

चौकटीवरचा १ पुसून माझं नाव —