भिजवलेला दोर

प्रिय धाकट्या,

बारा वर्षांनी बहिणीचं पत्र म्हटल्यावर तुला वाटलं असेल, कुणीतरी गेलं. सगळे जिवंत आहेत, बाबा. घाबरलेय ती मी. अक्षरं मुंग्यांसारखी दिसतील, सांभाळून घे.

आपली भिंगरी, तुझ्या खांद्यावर बसून तुझे कान ओढायची ती, येत्या गुरुवारी कड्यावरून उतरणार आहे. एकोणीस वर्षांची झाली. मोहोळं काढायला बापाच्या जागी मीच जाणार म्हणते. मी रडले, ओरडले, दोन दिवस जेवले नाही. ही ढिम्म! हट्टीपणात अगदी मामावर गेलीय. तुझे दाजी तिला ओट्यावर बसवून शिकवतात: धुरी कशी धरायची, आग्या माश्या अंगावर आल्या तरी हात कसा झटकायचा नाही. दोराला एक हिसका म्हणजे खाली सोड, दोन म्हणजे वर ओढ. ती हिसके मोजते आणि इकडे माझी भाकरी तव्यावर करपते.

आपल्या धंद्याची रीत तुला मी काय सांगू? दोर धरायचा तो उतरणाऱ्याच्या बायकोच्या नाहीतर आईच्या भावाने. बहिणीचं माणूस तो मरेपर्यंत सोडणार नाही म्हणून. तू तर शहरात सायकली दुरुस्त करतोस. दाजींचा पाय कड्यावरून पडले तेव्हापासून अधू, त्यांना टाच रोवून उभं राहता येत नाही. राहिले मी. आणि खरं सांगू? माझी बोटं बधिर होतात रे. परवा दुधाचं पातेलं हातातून सुटलं, ते पाय भाजल्यावर कळलं. भिंगरी हसली, म्हणाली आई धांदरट झाली. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

कालपर्यंत दोर बाहेरच्या खोलीत खुंटीला टांगलेला होता. मी त्याच्याकडे पाठ करून स्वयंपाक करायचे. डोळा लागला की माझ्या हातातून काहीतरी सरकन जातं.

आता ते सांगते, ज्यासाठी सकाळपासून तीन कागद फाडले. दाजी पडले त्या दिवशी लोक म्हणाले, मेहुण्याने दोर सोडला. तुझ्या तळहातांची सालटी निघाली होती, ती कुणी पाहिली नाहीत. सोडणाऱ्याला पुन्हा दोर देत नाहीत, म्हणून तू मान खाली घालून गेलास. मी दारात उभी होते आणि गप्प राहिले. धाकट्या, आदल्या संध्याकाळी दोर भिजत घालायचं काम माझं होतं. मी विसरले. सकाळी घाईघाईत वरून दोन तांबे पाणी ओतलं. वरून ओला, आतून कडक. वर झाडाला मारलेली गाठ बसलीच नाही, सरकली, आणि सगळा भार तुझ्या एकट्याच्या हातांवर आला. त्या सकाळी कड्याकडे निघताना तू विचारलंस, भिजलाय ना नीट? मी हो म्हणाले.

हे दाजींना तोंडाने सांगायची माझी छाती होत नाही. भित्री आहे मी, आहेच. म्हणून तू ये. बुधवारपर्यंत ये. शिव्या घाल, माझ्याशी बोलू नकोस, पण ये. ओट्यावर उभा राहा आणि हे पत्र दाजींना मोठ्याने वाचून दाखव, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं. मग दोर मागून घे. तुला तो कुणी नाकारणार नाही. मी आजच तो टाकीत बुडवलाय, आणि दर तासाला जाऊन पीळ उकलून आत बोट घालून बघतेय.

तुझीच,
ताई