बिस्किटचा दम

मॉरिसव्हिल,
रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय नीलांबरी,

मंडळातला नकुल दिवाळीला नागपूरला निघालाय, त्याच्या बॅगेतून हे पत्र पाठवतोय. फोनवर घोड्याचं नाव काढलं की तुला नेमकं गॅसवरचं दूध आठवतं. पत्राचं तसं नाही. एकदा उघडलंस की तू ते शेवटपर्यंत वाचणार, हे मला माहीत आहे.

रेणूचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन होऊन दोनच महिने झालेत, जिन्याची घाई करू नकोस म्हणावं तुझ्या बहिणीला. हे मी आता अधिकाराने सांगू शकतो, कारण ऑगस्टपासून मीही एका चारपायी पेशंटला चालवतोय. आपल्या आन्याची हॉस्पिटलची ड्यूटी सकाळची, म्हणून सोमवार ते शुक्रवार तिचा घोडा, बिस्किट, माझ्याकडे. तबेल्याची मालकीण मार्था हिने तक्ताच करून दिलाय. पहिले चार आठवडे नुसतं चालणं, तेही डांबरी रस्त्यावर, म्हणजे पाय कणखर होतात. मग दुडकी, मग चढ, शेवटी दौड. ते सगळं आन्या करते. मला घोड्यावर बसायचा धीर नाही, त्यामुळे मी दोर धरून पुढे आणि तो मागे. कोण कोणाला फिरवतंय हे बघायला लोक गाड्या हळू करतात. माझा पट्टा दोन भोकं आत गेलाय.

बिस्किटचं पोट मात्र काही केल्या उतरेना. मार्थाने खुराक कमी केला, तरी तेच. शेवटी तिने मला रंगेहाथ पकडलं. तू जाताना माझ्यासाठी मेथीच्या लाडवांचा डबा ठेवला होतास ना? लाडू छान झालेत, रोज एक संपतो, असं मी फोनवर सांगायचो. संपत होता हे खरं आहे. एवढा कडू लाडू कोणी मिटक्या मारत खाताना मी आयुष्यात प्रथमच पाहिला.

काल त्याची परीक्षा होती. चढावर दौड झाल्यावर दहा मिनिटांत श्वास जागेवर आला नाही, तर एक नोव्हेंबरचं हंटिंग विसरायचं, असं मार्थाने आधीच बजावलं होतं. कोल्हा मारत नाहीत गं, पुन्हा सांगतो. वास लावलेलं फडकं ओढत एक जण पुढे जातो, कुत्री त्याच्या मागे आणि घोडेस्वार कुत्र्यांच्या मागे, चांगले चार तास. मी बिस्किटच्या बरगड्यांवर हात ठेवून उभा होतो. सातव्या मिनिटाला त्याचं धपापणं थांबलं. मार्था 'गुड बॉय' म्हणाली, आणि ते माझ्याकडे बघून म्हणाली असं आन्याचं म्हणणं आहे. मला फार आनंद झाला, नीला.

गेल्या वर्षी हंटिंगच्या शेवटच्या तासाला ओंडक्यावरून उडी घेताना तो अडखळला आणि आन्याच्या खांद्याचं हाड मोडलं. तू आधी घोड्याला बोल लावलास, मग तिला. पण थकलेला घोडा पाय नीट उचलत नाही, आणि तो थकला कारण सप्टेंबरभर तो तबेल्यात उभा होता. मंडळाच्या गणपतीच्या नाटकात मला एक पात्र कमी पडत होतं. आठवडाभर तिची ड्यूटी, आणि शनिवार-रविवार मी तिला तालमीला ओढत होतो. "बाबा, ही नीड्स द माइल्स, त्याला पळवायला हवं," ती सांगत राहिली. दोन-चार आठवड्यांनी घोड्याला काय होतंय, असं मी म्हणालो. नाटकाला तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास. तिने तुला हे कधी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, आणि वर्षभर तिला तुझा राग सोसू दिला. याची मला लाज वाटते.

आता काय रागवायचं ते माझ्यावर रागव. पण एक कर. आन्या शाळेत होती तेव्हापासून ती घराबाहेर पडली की तू 'जपून जा' म्हणतेस, अगदी कोथिंबीर आणायला निघाली तरी. ती पडल्यापासून, घोड्याकडे निघाली की तू आत निघून जायचीस. ती दारात बूट चढवायला मुद्दाम वेळ लावायची, ते मी पाहिलंय. अजूनही लावते, तू इथे नसलीस तरी. एक तारखेला ती सकाळी सहाला निघेल, तुझ्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले असतील. घोड्याची सगळी तयारी मी केलीय. तेवढे दोन शब्द मात्र तुलाच म्हणावे लागतील. फोन कर.

तुझाच, लाडू न खाल्लेला,
शशिकांत